घट कोणाच्या खाती? : सोलापूरच्या गिरणीधंद्यातील साहित्य-परिव्यय

सात रस्त्याच्या चौकातून आज जाणाऱ्यास, हे शहर एके काळी गिरणीच्या भोंग्यावर चालत होते याची कल्पना सहसा येत नाही. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये सोलापुरात पहिली सूत-कापड गिरणी स्थापन झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या आल्या. या गिरण्यांचे भांडवल, संप व राजकारण यांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. मात्र रुईच्या गाठीपासून सुतापर्यंत जे वजन नाहीसे होत असे, त्याची किंमत कोणी सोसली, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

रुई साफ करताना पाने, माती व सरकीचे तुकडे गळतात. कार्डिंगमध्ये आखूड तंतू वेगळे होतात आणि चात्यांवर धागा तुटतो. ही घट टाळता येत नाही, म्हणून परिव्ययशास्त्र तिला सामान्य घट म्हणते व तिचा खर्च चांगल्या उत्पादनावरच टाकते. हिशेबाच्या सोयीसाठी १०० पौंड रुई ५० रुपयांना, म्हणजे पौंडास ८ आणे दराने घेतली आणि सामान्य घट २० पौंड धरली, असे मानू. टाकाऊ रुई पौंडास ४ आणे दराने विकली, तर ५ रुपये परत येतात. उरलेले ४५ रुपये, म्हणजे ७२० आणे, ८० पौंड सुतावर विभागले की साहित्याचा खर्च पौंडास ९ आणे पडतो. घट विसरणारा ८ आणे धरील, टाकाऊ मालाची विक्री विसरणारा १० आणे. दोघांचाही भाव चुकेल.

सोलापूरच्या कोरड्या हवेत आणखी एक अडचण असे. कापसातील ओलावा उडून जातो आणि उडालेल्या ओलाव्याला गिऱ्हाईक नसते. वरील २० पौंडांपैकी ४ पौंड असे अदृश्य झाले, तर विक्रीचे ४ रुपयेच येतात व खर्च ९ आण्यांवरून सुमारे सव्वानऊ आण्यांच्या जवळ जातो. खात्यात हवा दमट ठेवण्याचा खटाटोप धागा तुटू नये म्हणून होता, तसा या वजनासाठीही होता.

खरा वाद असामान्य घटीचा आहे. ८० ऐवजी ७६ पौंडच सूत निघाले, तर कमी पडलेल्या ४ पौंडांचे मूल्य ९ आण्यांप्रमाणे २ रुपये ४ आणे होते. त्यातून विक्रीचा १ रुपया वजा करून उरलेला १ रुपया ४ आणे नफा-तोटा खात्यात जातो, सुताच्या दरात मिसळत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हा तोटा व्यवस्थापनाचा आहे.

प्रत्यक्षात मुंबई इलाख्यातील गिरण्यांत तो अनेकदा कामगाराच्या पगारातून वसूल होई. विणकराने बिघडवलेले कापड त्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत वेतनातून कापण्याची प्रथा होती. कापूस हलका होता, माग जुना होता की हात चुकला, याचा निवाडा करणारा मालकाचाच माणूस असे. अशा स्थितीत असामान्य घटीचे स्वतंत्र खाते उघडण्याची निकड मालकास कशी भासावी? शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात दंड व कपातींवर बंधने सुचवली. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा ठेवली. नुकसानीपोटी कपात करायची तर कामगाराचा हलगर्जीपणा थेट कारणीभूत असला पाहिजे, त्याला बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे आणि रक्कम नुकसानीपेक्षा अधिक नसावी, असेही ठरले.

परिव्यय लेखापालांची संस्था १९४४ मध्ये उभी राहिली व १९५९ मध्ये तिला संसदेच्या कायद्याचा आधार मिळाला. १९६५ मध्ये कंपनी कायद्यात परिव्यय लेखापरीक्षणाची तरतूद आली. म्हणजे घट कामगाराच्या माथी मारण्यावर कायद्याचे बंधन आधी आले आणि तिची शिस्तशीर नोंद ठेवण्याची सक्ती नंतर. मधल्या तीन दशकांत ‘सामान्य’ घट किती, हे बहुतांशी त्या त्या गिरणीचा अनुभव व मालकाची सोय यांवरच ठरत राहिले.