पेन्शनचे वय आणि उशिरा निघालेली पत्रे

स्त्री आणि पुरुष दोघांनाही पेन्शन एकाच वयात सुरू व्हावी, या तत्त्वाला आज उघडपणे कुणी विरोध करणार नाही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून ते अमलात आहे. नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विम्याचे हप्ते भरलेल्यांना तिथे सरकारकडून जी पेन्शन मिळते, तिचे वय त्या महिन्यात दोघांसाठी ६५ झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ६६ झाले, आणि एप्रिल २०२६ ते मार्च २०२८ या काळात ते ६७ वर नेण्याचे कायद्याने ठरले आहे. त्याआधी, २०१० पर्यंत, सत्तर वर्षे पुरुषांना पासष्टीची आणि स्त्रियांना साठीची वाट पाहावी लागत असे. कागदावर पाहिले तर एक जुनी विषमता संपली. तरीही १९५० च्या दशकात जन्मलेल्या ब्रिटिश स्त्रिया २०१५ पासून संघटित होऊन या बदलाविरुद्ध भांडत आल्या आहेत, आणि समानता त्यांना फायद्यापुरतीच हवी आहे, असा आरोप त्यांच्यावर होत आला आहे. हा आरोप मला मान्य नाही. वय समान करणे न्याय्यच होते. पण ते ज्या रीतीने केले आणि त्याची किंमत ज्यांच्याकडून वसूल केली, ते न्याय्य नव्हते. हे नीट समजायचे तर वादाचा इतिहास स्त्रियांचे वय वाढवणाऱ्या १९९५ च्या कायद्यापासून सांगून भागत नाही. साठ हा आकडा आला कुठून, तिथपर्यंत मागे जावे लागते.

ब्रिटनमध्ये वृद्धापकाळाच्या पेन्शनचा पहिला कायदा १९०८ चा. अ‍ॅस्क्विथ पंतप्रधान होते आणि लॉइड जॉर्ज अर्थमंत्री. १ जानेवारी १९०९ पासून पोस्टाच्या खिडकीवर आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. अटी कडक होत्या. वय सत्तर पूर्ण हवे, वर्षाची मिळकत २१ पौंडांच्या आत असली तरच पूर्ण रक्कम, आणि जो सवयीने काम टाळत आला त्याला काहीच नाही. पण या कायद्यात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. दोघांनाही सत्तर. पहिल्या पेन्शनधारकांत स्त्रियाच जास्त होत्या, कारण त्या वयापर्यंत जगणाऱ्यांत आणि गरिबांतही त्यांचीच संख्या मोठी होती. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्यात होते, आणि तिथे १८६४ पूर्वी जन्मांची सर्वसाधारण नोंदणीच नव्हती. मग सत्तरी सिद्ध कशी करायची? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री त्या बेटावर प्रचंड वादळ झाले होते. ती रात्र आठवते का, हीच अनेक म्हाताऱ्यांची वयाची परीक्षा झाली. १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेच्या जुन्या वह्याही त्यासाठी उपसल्या गेल्या. नागरिकाचे वय सरकारला ठाऊक नव्हते आणि ते सिद्ध करण्याचा भार नागरिकावर होता. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

१९२५ च्या कायद्याने हप्ते भरणाऱ्यांसाठी वेगळी पेन्शन आणली. तिचे वय ६५, आठवड्याला दहा शिलिंग. इथेही स्त्री-पुरुष समानच होते. साठीचा आकडा आला १९४० मध्ये, ऐन युद्धात, आणि त्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण नवऱ्यांचे. बायको सर्वसाधारणपणे चार-पाच वर्षांनी लहान असे. नवरा पासष्टीला निवृत्त झाला की बायको पासष्टीची होईपर्यंत दोघांनी एकट्याच्या दहा शिलिंगांत भागवायचे. दुसरे कारण अविवाहित स्त्रियांचे. ब्रॅडफर्डच्या फ्लॉरेन्स व्हाइट यांनी १९३५ मध्ये अविवाहित स्त्रियांच्या पेन्शनसाठी संघटना उभी केली. पहिल्या महायुद्धाने लग्नाच्या वयाचे लाखो तरुण नेले होते. मागे राहिलेल्या स्त्रिया गिरण्यांत राबत, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळत, आणि पन्नाशी ओलांडली की त्यांना काम मिळेनासे होई. हप्ते तर त्यांनी भरलेले असत. व्हाइट यांची मागणी पंचावन्नची होती. संसदेकडे लाखो सह्यांचा अर्ज गेला. मिळाले साठ, आणि तेही जोडप्यांची अडचण सुटत होती म्हणून सगळ्या विमाधारक स्त्रियांना आणि पेन्शनधारकांच्या बायकांना मिळाले. स्त्रीचे शरीर लवकर थकते असा काही शोध लागल्यामुळे हा आकडा ठरला नव्हता, आणि स्त्रियांवर मेहेरबानी म्हणूनही नाही. घरात नवरा मिळवता आणि बायको त्याच्या आधाराला, हे गृहीत धरून केलेली ती तडजोड होती.

तडजोडीचा पाया असा असल्यामुळे ती स्त्रियांवरच उलटली. कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी निवृत्तीचे वय पेन्शनच्या वयाला बांधून टाकले. म्हणजे पुरुष पासष्टीपर्यंत नोकरीत, बाई साठीला घरी. मिस मार्शल यांचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. साउथॅम्प्टनच्या आरोग्य प्राधिकरणात त्या १९६६ पासून काम करत होत्या आणि पुढे वरिष्ठ आहारतज्ज्ञ झाल्या. साठीनंतर त्यांना मुदतवाढ मिळाली, पण बासष्ट पूर्ण झाल्यावर १९८० मध्ये त्यांना काढून टाकले. कारण एकच, त्या स्त्री आहेत आणि स्त्रियांचे निवृत्तिवय उलटून गेले आहे. पासष्टीपर्यंत काम करायची त्यांची तयारी होती. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेले, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये तो लिंगभेद ठरला. त्याच वर्षी ब्रिटनला कायदा बदलावा लागला. साठीचे वय ही स्त्रियांची चैन होती असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की त्याच वयाने असंख्य स्त्रियांची पगाराची शेवटची, म्हणजे बहुधा सर्वांत चांगली, पाच वर्षे हिरावून घेतली. त्याआधीची वर्षेही समान नव्हती. समान वेतनाचा कायदा १९७० चा, पण तो लागू झाला १९७५ च्या डिसेंबरअखेरीस. विवाहित स्त्रीला कमी दराचा हप्ता भरण्याची मुभा १९७७ पर्यंत दिली जात होती. त्या हप्त्याने आठवड्याचे थोडे पैसे वाचत, पण तिच्या स्वतःच्या नावावर पेन्शन जमा होत नसे. मुलांसाठी अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांना कंपन्यांच्या पेन्शन योजनांत बहुधा जागाच नव्हती. १९५० च्या दशकात जन्मलेली पिढी नोकरीला लागली ती याच चौकटीत.

पुरुषांची बाजू खोटी नव्हती, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. डग्लस बार्बर नावाच्या विमा कंपनीतल्या कर्मचाऱ्याची नोकरी १९८० मध्ये बावन्नाव्या वर्षी गेली. त्या वयाच्या बाईला कंपनीच्या योजनेतून लगेच पेन्शन मिळाली असती. बार्बर यांना ती मिळाली नाही. १७ मे १९९० ला त्याच युरोपीय न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तोवर त्यांचे निधन झाले होते आणि खटला त्यांच्या पत्नीने पुढे चालवला होता. हा निकाल कंपन्यांच्या पेन्शनपुरता होता, तरी त्यानंतर सरकारी पेन्शनमधला पाच वर्षांचा फरक टिकवणे अवघड होते. पुरुष सरासरीने लवकर मरतात आणि पेन्शन मात्र उशिरा घेतात, ही तक्रार रास्त होती. प्रश्न उरला समान वय कोणते ठेवायचे एवढाच, आणि नोव्हेंबर १९९३ च्या अर्थसंकल्पात सरकारने पासष्ट हे उत्तर दिले, कारण तेच सर्वांत स्वस्त होते. १९९५ चा कायदा झाला. ६ एप्रिल १९५० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या स्त्रियांचे पेन्शनचे वय २०१० ते २०२० या दहा वर्षांत हळूहळू वाढणार होते. कायदा करणे आणि तो लागू होणे यात पंधरा वर्षांचे अंतर होते. इथपर्यंत मला यात फारसे आक्षेपार्ह काही दिसत नाही.

आक्षेप पुढच्या वर्षांवर आहे. पंधरा वर्षांची मुदत खरी तेव्हाच, जेव्हा ती ज्याला दिली त्याला कळते. ब्रिटिश सरकारने पत्रके काढली, जाहिराती केल्या, पण संबंधित स्त्रीच्या नावाने, तिची तारीख सांगणारे पत्र पाठवण्यास सुरुवात केली एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर चौदा वर्षांनी. सरकारच्याच २००४ च्या पाहणीत या बदलाचा फटका बसणाऱ्या स्त्रियांपैकी फक्त ४३ टक्क्यांना आपले पेन्शनचे वय बरोबर, किंवा निदान साठ ते पासष्टच्या दरम्यान, सांगता आले होते. म्हणजे निम्म्याहून अधिक जणी अंधारात आहेत, हे पेन्शन पाहणाऱ्या सरकारी खात्याला माहीत झाले होते. संसदेच्या लोकपालांनी २०२१ मध्ये निष्कर्ष काढला की खात्याने डिसेंबर २००६ पर्यंत तरी पत्रे पाठवायला हवी होती, आणि २८ महिन्यांचा उशीर हा गैरकारभार होता. १९०९ मध्ये आयर्लंडमधल्या म्हातारीचे वय सरकारला ठाऊक नव्हते. १९९५ मध्ये विम्याच्या नोंदींत प्रत्येकीची जन्मतारीख होती, पगारातून दर आठवड्याला हप्ता कापून घेता येत होता. वसुली जिथे इतकी नेमकी होते, तिथे सूचना मात्र जाहिरातीवर सोडणे मला मान्य होण्यासारखे नाही.

त्यातच २०११ चा कायदा आला. आर्थिक मंदीनंतरच्या सरकारने आधीचे वेळापत्रक मोडून स्त्रियांचे वय २०१८ मध्येच ६५ आणि दोघांचेही २०२० मध्ये ६६ करण्याचे ठरवले. याचा परिणाम दोन तारखांवरून दिसतो. १० मार्च १९५३ ला जन्मलेल्या स्त्रीला पेन्शन सुरू झाली ६ मार्च २०१६ ला, त्रेसष्टीच्या उंबरठ्यावर. १० मार्च १९५४ ला जन्मलेल्या स्त्रीला ती सुरू झाली ६ सप्टेंबर २०१९ ला, साडेपासष्टाव्या वर्षी. वयात अंतर एका वर्षाचे, पेन्शनच्या तारखेत साडेतीन वर्षांचे. जुन्या वेळापत्रकाप्रमाणे या दुसरीला मार्च २०१८ मध्ये पेन्शन मिळायची होती. कायदा बदलला तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. त्या वयात कुणी नवे कौशल्य शिकून नवी नोकरी धरत नाही, आणि दीड वर्षाची पेन्शन भरून निघेल इतकी बचतही उरलेल्या सहा-सात वर्षांत तुटपुंज्या पगारातून होत नाही. पुढे सरकारनेच मान्य केले की पेन्शनचे वय बदलताना निदान दहा वर्षांची पूर्वसूचना असावी. या स्त्रियांना तो नियम लावला गेला नव्हता.

याला उत्तरे आहेत, आणि ती हलकी नाहीत. पहिले उत्तर न्यायालयाचे. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने स्त्रियांची याचिका फेटाळली. जुनी विषमता दूर करणे हा भेदभाव नव्हे, आणि कायदा करताना प्रत्येकाला वैयक्तिक सूचना देण्याचे बंधन सरकारवर नाही, असा निकालाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेल, पण न्यायालयापुढे प्रश्न कायदेशीरपणाचा होता. तो बदल करणे शहाणपणाचे आणि न्यायाचे होते का, हे ठरवण्याची जबाबदारी संसदेकडेच राहते. दुसरे उत्तर आयुर्मानाचे आहे. लोक जास्त जगतात, स्त्रिया तर पुरुषांहूनही जास्त, मग हप्ते भरणाऱ्या तरुणांवर किती भार टाकायचा? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि वय कधीच वाढवू नये असे मी म्हणत नाही. पण सरासरीच्या आड बरेच काही दडते. २०२० ते २०२२ च्या आकड्यांनुसार ब्लॅकपूलमध्ये जन्मलेल्या पुरुषाचे अपेक्षित आयुर्मान ७३ वर्षांच्या आसपास, तर हॅम्पशरमधल्या हार्टमध्ये ८३ च्या वर. वय एका वर्षाने वाढवले की हार्टच्या माणसाच्या पेन्शनच्या काळातला छोटा हिस्सा जातो, ब्लॅकपूलच्या माणसाचा मोठा. वाढीव वर्ष कोणाच्या खिशातून जाते हेही मोजले गेले आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने दाखवले की पेन्शनचे वय ६५ वरून ६६ झाल्यावर ६५ वर्षांच्या लोकांतले गरिबीचे प्रमाण १० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. ज्यांच्याजवळ बचत आहे त्यांनी ते वर्ष काढले. ज्यांच्याजवळ नाही, ते गरीब झाले.

तिसरे उत्तर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने दिले. लोकपालांनी त्याच वर्षी मार्चमध्ये प्रत्येकीला १,००० ते २,९५० पौंड भरपाई सुचवली होती. सरकारने उशिराबद्दल माफी मागितली, भरपाई नाकारली, आणि सांगितले की ९० टक्के स्त्रियांना वय वाढते आहे याची कल्पना होतीच. पण वय कधीतरी वाढणार आहे हे ऐकून माहीत असणे आणि माझी स्वतःची तारीख अमुक आहे हे माहीत असणे, यांत फार फरक आहे. नोकरी सोडायची की नाही, आजारी आईला सांभाळायला घरी बसायचे की नाही, हे निर्णय तारखेवर होतात. भरपाईला साडेदहा अब्ज पौंडांपर्यंत खर्च येईल हे खरे. पण तो खर्च या स्त्रियांनी निर्माण केलेला नाही.

हे नीट करता आले असते, याला युरोपातलेच उदाहरण आहे. ऑस्ट्रियातही पुरुष ६५ आणि स्त्रिया ६० असाच फरक होता. तिथल्या घटना न्यायालयाने १९९० मध्ये तो अमान्य केला. १९९२ मध्ये कायदा झाला, आणि स्त्रियांचे वय वाढायला सुरुवात झाली २०२४ मध्ये, दरवर्षी सहा महिन्यांनी, ते २०३३ पर्यंत. कायद्याच्या वेळी कामाला नुकतीच लागलेली मुलगी तीस वर्षे आधी आपला हिशेब करू शकत होती, आणि ठरलेले वेळापत्रक वाटेत घाईने कुणी आवळले नाही.

ब्रिटनच्या कायद्यात पुढची वाढ, ६८ वर्षांची, २०४४ ते २०४६ साठी लिहून ठेवलेली आहे, आणि ती अलीकडे ओढावी असे अधूनमधून सुचवले जाते. ती करायची असेल तर दहा वर्षे आधी प्रत्येकाच्या नावाने तारखेचे पत्र जावे, सोळाव्या-सतराव्या वर्षी अंगमेहनतीच्या कामाला लागलेल्यांसाठी हप्त्यांची वर्षे मोजून लवकर पेन्शनची वाट ठेवावी, आणि १९५० च्या दशकातल्या स्त्रियांना लोकपालांनी सुचवलेली रक्कम त्या हयात असतानाच द्यावी. त्यांच्यातल्या सर्वांत धाकट्या आता पासष्टी ओलांडून गेल्या आहेत, आणि थोरल्या पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.