वाट्यांचा हिशेब : कोरियन भोजनालयातील दराचा इतिहास

कोरियन भोजनालयातील दरपत्रकावर ज्या पदार्थाचा दर छापलेला असतो, त्याच्यासोबत किमची, मुरवलेला मुळा, परतलेली पालेभाजी, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, खारवलेली मासळी अशा कितीतरी लहान वाट्या टेबलावर येतात. या वाट्यांना एकत्रितपणे ‘बानचान’ म्हणतात. त्यांना स्वतंत्र दर नसतो, आणि वाटी रिकामी झाली की ती पुन्हा भरून मागताना कोरियात कोणाला संकोचही वाटत नाही. त्यामुळे असे जेवण दिलेल्या पैशांच्या मानाने परवडते की महाग पडते, हा प्रश्न केवळ मुख्य पदार्थाच्या दराकडे पाहून सुटत नाही. या वाट्यांचा खर्च आजवर कोणी आणि कोणत्या मार्गाने भरला, हे त्यासाठी पाहावे लागते.

चोसन राजवटीच्या काळात, म्हणजे 1392 ते 1910 या पाच शतकांत, पैसे मोजून जेवण्याची सामान्य माणसाची जागा म्हणजे ‘जुमाक’. रहदारीच्या वाटांवर, नदीच्या उतारांपाशी आणि बाजारपेठेच्या गावी असलेल्या या खानावळींत दारू, जेवण आणि मुक्काम अशी तिहेरी सोय असे, आणि जेवणाखाणाचे पैसे दिले की रात्रीच्या पथारीचे वेगळे पैसे घेण्याची रीत साधारणपणे नव्हती. तेथे मिळणारे जेवण साधे असे : ‘गुकबाप’, म्हणजे उकळत्या मांसरसात भात घालून दिलेला वाडगा, आणि तोंडी लावायला एखादी खारवलेली भाजी. अनेक वाट्यांनी भरलेले ताट मात्र बाजारात विकत मिळत नव्हते. ते घरचे, त्यातही खानदानी घरचे वैभव होते. ‘सोबान’ नावाच्या बुटक्या चौरंगावर प्रत्येकाचे जेवण स्वतंत्र मांडले जाई, आणि त्यावरील वाट्यांची गणना ‘छोप’ या एककात होई. भात, रसा, किमची आणि बुडवून खाण्याचे सॉस या गणनेत धरले जात नसत. उरलेल्या पदार्थांवरून ताट तीन, पाच, सात किंवा नऊ छोपांचे ठरे, आणि बारा छोपांचे ताट हा राजाचा मान समजला जाई. वाट्यांची संख्या हा दर्जाचा निर्देशांक होता आणि त्या भरण्याचे श्रम घरातील स्त्रियांचे व दासींचे होते, म्हणजेच त्यांना किंमत लावण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

हे ताट बाजारात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने आन सुन-ह्वान यांना दिले जाते. राजवाड्याच्या भोजनविभागाचे अधिकारी राहिलेल्या या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोल येथे ‘म्योंगवोलग्वान’ हे भोजनगृह नावारूपाला आणले. राजसत्ता खिळखिळी होत असताना तिचे स्वयंपाकी, तिची पाककला आणि ‘गिसेंग’ म्हणजे गायन-नृत्यात शिकवून तयार केलेल्या सरकारी कलावंतिणी, असे सगळेच उदरनिर्वाहाचे नवे साधन शोधत होते, आणि म्योंगवोलग्वानने या सर्वांना एका छताखाली आणून दरबारी मेजवानी पैसे देणाऱ्या कोणालाही उपलब्ध करून दिली. तेथे एकेका पदार्थापेक्षा ‘ग्योजासांग’ विकला जाई. अनेकांनी मिळून जेवायचे मोठे मेज पूर्ण मांडून द्यायचे आणि दर मेजाचा घ्यायचा, अशी ती पद्धत होती. एकट्याच्या चौरंगाकडून सामायिक मेजाकडे झालेला हा बदल आज कोरियन संस्कृतीचे सनातन लक्षण म्हणून दाखवला जात असला, तरी भोजनगृहाच्या व्यवसायाने त्याला दिलेली चालना विसरता येणार नाही. याच संस्थेची शाखा असलेल्या ‘थेह्वाग्वान’ या भोजनगृहात 1 मार्च 1919 रोजी जपानी सत्तेविरुद्धच्या स्वातंत्र्यघोषणेवर सह्या करणाऱ्या 33 जणांपैकी 29 जण जमले आणि त्यांनी तेथे ती घोषणा केली. एका महागड्या भोजनगृहाला राष्ट्रीय इतिहासात असे स्थान मिळाल्याची उदाहरणे जगात फार नसावीत.

स्वातंत्र्यानंतर या परंपरेचे दोन प्रवाह झाले. एक ‘योजोंग’चा, म्हणजे राजकारणी आणि उद्योगपती यांच्या बंद दारांआडच्या मेजवान्यांचा. त्यातले देवोनगाक हे नामांकित योजोंग त्याच्या मालकिणीने एका बौद्ध भिक्षूला दान केले आणि 1997 मध्ये तेथे गिलसांगसा हे मंदिर उभे राहिले. दुसरा प्रवाह ‘हानजोंगशिक’चा, म्हणजे ठरावीक दरात वाट्यांनी भरलेले पूर्ण मेज देणाऱ्या भोजनालयांचा. चोल्ला प्रांतातील जोन्जू हे शहर त्यासाठी विशेष प्रसिद्ध झाले, कारण भात, भाज्या आणि समुद्री जिन्नस या तिन्हींची तेथे सुबत्ता होती.

सामान्य भोजनालयांवर मात्र शासनाची करडी नजर होती. तांदळाचा तुटवडा असलेल्या त्या काळात जव मिसळलेला भात आणि गव्हाच्या पिठाचे पदार्थ यांचा सरकारने सक्तीने प्रचार केला. 1969 पासून बुधवारी आणि शनिवारी सकाळी 11 ते सायंकाळी 5 या वेळात भोजनालयांना भाताचे पदार्थ विकण्यास मनाई होती. पुढे 1976 मध्ये सोल महानगर प्रशासनाने भाताच्या वाटीचेही माप ठरवून दिले : स्टेनलेस स्टीलची, 10.5 सेंटिमीटर व्यासाची आणि 6 सेंटिमीटर उंचीची. तुटवडा संपला, पण झाकण असलेली ती वाटी टिकली, आणि ‘गोंगीबाप’ या नावाने मिळणाऱ्या तिच्यातील भाताचा दर पुढे कित्येक वर्षे 1,000 वॉनवर थबकून राहिला. भात मोजूनमापून आणि बानचान मात्र हवे तितके, ही आजच्या कोरियन टेबलावरील विसंगती अशी अंशतः सरकारी आहे. बानचानलाही शिस्त लावण्याचा प्रयत्न झालाच. 1980 च्या दशकात वाट्या मागणीनुसार द्याव्यात आणि त्यांचे पैसे घ्यावेत अशी योजना पुढे करण्यात आली, परंतु ती रुजली नाही. जे शेजारचा दुकानदार फुकट देतो त्याचे पैसे मागणारा दुकानदार गिऱ्हाइकाला कंजूष वाटतो, आणि या भावनेपुढे परिपत्रकाचे काही चालले नाही.

अर्थात या वाट्या कधीच फुकट नव्हत्या. त्यांचा खर्च एक तर मुख्य पदार्थाच्या दरात मुरलेला असतो, किंवा तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारलेला असतो. स्वयंपाकघरात पहाटेपासून भाज्या निवडणाऱ्या आणि टेबलांवर वाट्या पोचवणाऱ्या, गिऱ्हाइकांकडून ‘इमो’ म्हणजे मावशी अशी हाक ऐकणाऱ्या मध्यमवयीन स्त्रिया, आणि गेल्या काही दशकांत चीनमधून आलेल्या कोरियन वंशाच्या कामगार स्त्रिया, यांच्या स्वस्त श्रमावर ही उदारता पोसली गेली. किमचीच्या बाबतीत स्वस्ताई सीमेपलीकडून आली. भोजनालयांत वाढली जाणारी बरीचशी किमची चीनमधून येऊ लागली आणि 2008 च्या अखेरीस भोजनालयांना तिचे उगमस्थान फलकावर लिहिणे बंधनकारक झाले. उष्ट्या वाट्या पुन्हा वाढण्याची लबाडीही याच दडपणातून बोकाळली होती आणि तिच्यावर 2009 मध्ये कायद्याने बंदी आणावी लागली. पुढच्याच वर्षी शरद ऋतूत अतिवृष्टीमुळे कोबीचे पीक बुडून एका गड्ड्याचा भाव 10,000 वॉनच्या पुढे गेला, तेव्हा कित्येक भोजनालयांतून किमचीची वाटी लहान झाली.

मांसाच्या भोजनालयांत, जेथे टेबलावरच्या शेगडीवर डुकराच्या पोटाचे मांस, म्हणजे ‘सामग्योपसाल’, भाजून खाल्ले जाते, दराचा प्रश्न आणखी वेगळा होता. तेथे ‘इनबुन’ म्हणजे माणशी वाटा या एककाने मांस विकले जाते, पण तो वाटा किती ग्रॅमचा हे दुकानागणिक बदलत असे आणि महागाईत दर तोच ठेवून वाटा घटवणे सोयीचे पडे. म्हणून 2013 पासून 100 ग्रॅमचा दर लिहिणे आणि करासह अंतिम रक्कम दाखवणे सक्तीचे झाले. किमान दोन इनबुन घेण्याची अट मात्र बहुतेक ठिकाणी कायम राहिली, कारण शेगडी आणि वाट्यांचा खर्च टेबलामागे होतो, माणसामागे नव्हे.

वरच्या टोकाला दराने निराळीच वळणे घेतली. सार्वजनिक पदावरील व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या जेवणावर 2016 च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याने 30,000 वॉनची मर्यादा घातली, आणि पाहुणचारावर चालणाऱ्या हानजोंगशिक भोजनालयांना तिचा फटका बसला. ही मर्यादा 2024 मध्ये 50,000 वॉन करण्यात आली. त्याच 2016 मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेच्या पहिल्या सोल आवृत्तीने ‘गाओन’ आणि ‘ला योन’ या दोन कोरियन भोजनगृहांना तीन तारे दिले. तेथे मेजभर वाट्या एकदम न मांडता पदार्थ एकामागून एक येत, म्हणजे सामायिक मेज मोडून पुन्हा प्रत्येकाचे जेवण वेगळे होई. गाओन पुढे बंद झाले. तारे मिळाल्याने खर्च भरून निघतोच असे नाही.

पुण्यात कोरियन भोजनालये आली ती रांजणगाव-चाकण पट्ट्यातील कोरियन कारखान्यांच्या कर्मचाऱ्यांमागून, आणि तेथील दरांना वेगळे गणित आहे. कोरियात स्वस्त असलेली मिरचीची आंबवलेली चटणी, म्हणजे ‘गोचुजांग’, किंवा वाळवलेले सागरी शेवाळ येथे आयात करावे लागते. त्यामुळे किमतीचा मोठा भाग जिनसांच्या प्रवासाचा असतो, तर वाट्यांसाठीचे हात तुलनेने स्वस्त मिळतात. अमर्यादित थाळीला सरावलेल्या मराठी गिऱ्हाइकाला पुन्हा भरलेली वाटी ओळखीची वाटते, पण थाळीचा दर माणशी असतो आणि कोरियन मेजाचा प्रत्यक्षात टेबलामागे. एकट्याने जाऊन ‘बिबिमबाप’, म्हणजे भाज्या आणि तिखट चटणी कालवलेला भात, मागवणाऱ्याला तो त्याच्या दराइतकाच मिळतो आणि बहुधा महागच पडतो. चौघांनी मिळून शेगडी, एखादा ‘जिगे’ म्हणजे दाट रस्सा आणि भात मागवला, तर शेगडीचा नि वाट्यांचा खर्च चार ठिकाणी विभागला जातो आणि तोच दर वाजवी ठरतो.