मांजराची बालवाडी

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. ती शोधत असते सुरक्षित जागा, पण त्या फिरतीत पिल्लांना पोराबाळांचे हात लागतात.

अमेरिकेत आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात रोज हाताळलेली पिल्लं जास्त माणसाळतात. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात डॉ. केर्स्टी सेक्सेल यांनी 'किटन किंडी' हे वर्ग काढले. गंमत म्हणजे तिथे प्रवेश आठव्या आठवड्यापासून! त्याआधी पिल्लू आईपासून तोडायचं नसतं. म्हणजे पहिली इयत्ता जन्मघरीच.

तेव्हा मंडळी, वीकेंडला बारामती-इंदापूरला घरी गेलात आणि ज्वारीच्या पोत्यांमागे मनी व्यालेली दिसली, तर घरच्या पोरांना सांगा: पिल्लं रोज थोडा वेळ मांडीवर घ्या. पुण्याच्या फ्लॅटवर आणल्यावर उशीर झालेला असतो.