आदिवासी मुलीने एएनएमवरच का थांबावे?

आदिवासी मुलींच्या नर्सिंग शिक्षणाबद्दल पुण्याच्या सुशिक्षित वर्तुळात एक मत चांगलेच रुजले आहे. ते दुष्ट बुद्धीचे नाही. सार्वजनिक आरोग्याच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेली माणसेही ते मांडतात. म्हणूनच त्याचा समाचार नीट घेतला पाहिजे.

पूर्वपक्ष असा : पाड्याला पदवीधर परिचारिकेची गरज नाही. तिथे बाळंतपण करणारी, लस टोचणारी, जवळ राहणारी सेविका हवी. तेव्हा आदिवासी मुलीने गावातली ‘आशा’ स्वयंसेविका व्हावे, फार तर दोन वर्षांचा एएनएम करून आरोग्यसेविका व्हावे. जीएनएम ही पदविका आणि बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी तिला झेपत नाही. राखीव जागा आहेत, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे. तरीही मुली गळतात, म्हणजे उणीव त्यांच्या तयारीत आहे. शिवाय शहरात शिकलेली मुलगी माघारी जात नाही, मग खर्च झालेला पैसा पाड्याच्या कामी आला कुठे? असे हे तीन मुद्दे. निवाडा वाचकांनी करावा.

पहिला मुद्दा मांडताना गडचिरोलीचा दाखला हटकून दिला जातो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांनी बाळाचा जंतुसंसर्ग ओळखला, प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. मग पदव्या हव्यात कशाला, असा प्रश्न विचारला जातो.

या प्रयोगाबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष पूर्वपक्षाच्या नेमका उलट आहे. चांगले प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळाली, तर सातवी शिकलेली स्त्रीही अवघड वैद्यकीय निर्णय घेऊ शकते, हे गडचिरोलीने सिद्ध केले. असे असताना बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलीला चार वर्षांची पदवी झेपणार नाही, हे कोणत्या तर्काने ठरवता? त्या प्रयोगाने स्त्रियांची क्षमता दाखवली. त्यांची कमाल मर्यादा आखून दिली नाही.

आणखी एक विसंगती पाहा. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसूतिसेवांची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत प्रसूतितज्ज्ञ परिचारिकेसाठी अठरा महिन्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण आहे. त्याला प्रवेश कोणाला? जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्यांना. म्हणजे ‘पाड्याला सुईण हवी’ म्हणणारेच आदिवासी मुलीला एएनएमवर थांबवतात आणि सुईणपणाच्या या वरच्या शिक्षणाचे दार तिच्यासाठी बंद करतात. युक्तिवाद स्वतःच्याच पायावर कोसळतो.

आता दुसरा मुद्दा : मदत भरपूर आहे, मुलीच कमी पडतात. बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. अकरावी-बारावी विज्ञानाची सोय सगळ्या आश्रमशाळांत नाही. त्यामुळे अनेक मुलींचा रस्ता सोळाव्या वर्षीच बंद होतो, नर्सिंगचा अर्ज हातात येण्याच्या कितीतरी आधी. कोणाची घरची भाषा पावरी, कोणाची कोरकू, कोणाची माडिया. शाळेतली मराठी ही त्यांची दुसरी भाषा आणि कॉलेजातली इंग्रजी तिसरी.

पैशांचेही पाहू. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये ‘स्वयम्’ योजना आली. तिच्या मूळ दरानुसार पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळत, म्हणजे महिन्याला पाच हजार. त्यात खोली, मेस आणि प्रवास भागवायचा. इतर शाखांचा विद्यार्थी फावल्या वेळात काही कमावू शकतो. वॉर्डातल्या दिवसपाळ्या आणि रात्रपाळ्या करणाऱ्या नर्सिंगच्या मुलीकडे फावला वेळ कुठला? जुलै २०१८ मध्ये वसतिगृहातल्या जेवणाऐवजी खात्यात पैसे देण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. वेळेवर न येणारा पैसा ताटात पडत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळत होते.

परिचारिकेच्या शिक्षणावरचे आक्षेप पुण्याला नवे नाहीत. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण देवविले. तेव्हा उच्चवर्णीय घरांत हे काम हलके मानले जाई.  सेवासदनाने त्या स्त्रियांच्या शिकण्याची आणि राहण्याची सोय केली. त्या स्त्रिया शिकल्या. तोच न्याय जव्हारच्या किंवा आंबेगावच्या मुलीला का लागू होऊ नये?

तिसरा मुद्दा, माघारी न जाण्याचा. दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी कसे टिकतील, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारशी केल्या. ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, ही त्यांतली एक ठळक शिफारस आहे, कारण तेच तिथे परतण्याची शक्यता अधिक असते. परतायचे तर पद हवे. २०१४ पासूनच्या राज्यपालांच्या अधिसूचनांनी अनुसूचित क्षेत्रातली आरोग्यसेविकांसह १७ संवर्गांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. प्रकरण न्यायालयात गेले, भरती अडली आणि २०२४ मध्ये पात्र उमेदवारांना मानधनावर तात्पुरते नेमण्याची वेळ आली. नेमणूक अडवायची आणि वर ‘ती परत आली नाही’ म्हणायचे, हा कुठला न्याय? केरळची परिचारिका आखातात गेली की आपण तिच्या कर्तबगारीचे कौतुक करतो. मग आदिवासी परिचारिकेनेच आपल्या शिक्षणाचे कर्ज पाड्यावर राहून का फेडावे?

आपल्याच समाजातल्या माणसांना पुढे शिकवले तर काय होते, हे इतरत्र दिसले आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये आदिवासी संस्थांच्या पुढाकाराने मूळनिवासी स्त्रियांसाठी खास प्रसूतिसेवा उभी राहिली. ओळखीची सुईण, आपल्या समाजातले कर्मचारी आणि त्यांना पुढे शिकण्याची वाट, असे तिचे स्वरूप आहे. तिथे अकाली प्रसूतींचे प्रमाण घटल्याचे प्रसिद्ध अभ्यास सांगतात. आपल्या माणसांना वरच्या जागी नेण्याने सेवा सुधारते, याहून वेगळा पुरावा काय हवा?

एका बाबतीत पूर्वपक्षाशी माझे पूर्ण एकमत आहे : परीक्षेचा दर्जा उतरवू नये. तयारीची सोय वाढवावी. निवडक आश्रमशाळांत विज्ञान शाखा आणि इंग्रजीची कसून तयारी हवी. वसतिगृह रुग्णालयाजवळ हवे आणि पैसे सत्र सुरू होण्याआधी मिळायला हवेत. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो आणि जीएनएमला पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, म्हणजे शिडी नियमांत आहेच. सेवेतल्या आदिवासी आरोग्यसेविकांना ती चढता यावी म्हणून पगारी अभ्यासरजा आणि ठरावीक जागा द्याव्यात. पुण्यातच १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. नर्सिंगला किती मुलींनी प्रवेश घेतला, किती उत्तीर्ण झाल्या आणि कुठे रुजू झाल्या, याची नोंद तिने दरवर्षी प्रसिद्ध करावी. मग वाद मतांवर नव्हे, आकड्यांवर होईल.

पाड्यावरचे बाळंतपण ज्या मुलीच्या हाती आपण निर्धास्तपणे सोपवतो, तिलाच प्रसूतिशास्त्राचा पुढचा अभ्यास झेपणार नाही, असे म्हणायला आधार कोणता? उपलब्ध पुरावा तर तसे म्हणत नाही.