खुराक, तबेले आणि प्रतिजैविके

सरकीची पेंड, चुणी, भुसा आणि कडबा हा मुंबईच्या म्हैस-तबेल्यांतील जुना खुराक. 1949 मध्ये स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीत शहरातील म्हशी हलवण्यात आल्या, तरी खुराकाचे गणित दुधाच्या हिशेबावरच राहिले. शहरातच, परळला, 1886 पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. पश्चिम भारतातील पशुवैद्यकाचे शिक्षण तिथून रुजले.

खाद्यातून वाढ घडवण्याची नवी वाट मात्र अमेरिकेत सापडली. ऑरिओमायसीन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा ब-12 जीवनसत्त्वासाठी कोंबड्यांच्या पिल्लांना देण्यात आला, आणि ती अपेक्षेपेक्षा वेगाने वाढली. स्टॉकस्टॅड आणि ज्यूक्स या संशोधकांचा हा शोध 1950 मध्ये जाहीर झाला. अत्यल्प मात्रेतील प्रतिजैविक आतड्यातील जंतूंचे प्रमाण आणि स्वरूप बदलते. त्यामुळे खाद्य अधिक अंगी लागते, असे मानले जाते. पण याच अल्प मात्रेत औषधाला न जुमानणारे जंतू तगून राहतात. धोका खरा होता, तरी व्यवसायाने तो दीर्घकाळ दुर्लक्षिला.

स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीचा हा वापर थांबवला, युरोपीय संघाने 2006 मध्ये. माणसांवरील उपचारात अखेरच्या औषधांपैकी एक असलेल्या कोलिस्टिनवर भारत सरकारने जुलै 2019 मध्ये पशुखाद्य, कुक्कुटपालन आणि मत्स्यशेतीपुरती बंदी घातली.