पाठपिशवी

प्रवास, गिरिभ्रमण व गिर्यारोहण यांत लागणारे सामान दोन्ही हात मोकळे ठेवून वाहून नेण्यासाठी पट्ट्यांच्या साहाय्याने पाठीवर अडकवावयाची पिशवी. ‘रुकसॅक’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. हा शब्द जर्मन असून त्याचा पहिला घटक पाठ व दुसरा पिशवी या अर्थाचा आहे. महाराष्ट्रातील गिरिभ्रमणप्रेमी तिला नुसते ‘सॅक’ म्हणतात, तर भारतीय सैन्यात व हिमालयाच्या परिसरात ‘पिठ्ठू’ हा शब्द रूढ आहे. पाठपिशवी ही वरवर साधी वस्तू दिसत असली, तरी ओझ्याचा भार शरीराच्या कोणत्या भागाने पेलावा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातूनच तिचे आजचे रूप घडत गेले आहे.

पूर्वेतिहास : ओझे वाहण्याच्या पद्धती प्रदेशपरत्वे भिन्न आहेत. महाराष्ट्रात डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी किंवा हंडा नेणे, खांद्यावरून कावड वाहणे आणि पुढेमागे लोंबणारी पडशी खांद्यावर टाकणे या पद्धती पूर्वापार आहेत. डोक्यावरील ओझ्याचा भार सरळ पावलांवर येतो. कावडीत तो दोन्ही बाजूंना समतोल राहतो. तथापि चढउताराच्या, अरुंद व झाडीच्या वाटेवर या दोन्ही पद्धती गैरसोयीच्या ठरतात. त्यामुळे डोंगराळ प्रदेशात पाठीवर ओझे वाहण्याची रीत बहुतेक ठिकाणी आढळते. ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीवरील आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे बर्फात टिकून राहिलेले शव सापडले. त्याच्या सामानात हेझल झाडाची वाकवलेली लांब काठी व लार्चच्या लाकडाच्या दोन फळ्या होत्या. हा पाठीवर ओझे बांधण्याच्या चौकटीचा अवशेष असावा, असे अनेक संशोधक मानतात. बर्फावरून चालण्याच्या पादत्राणाचा तो भाग असावा, असेही एक मत आहे.

नेपाळात ओझ्यासाठी ‘डोको’ ही बांबूची शंक्वाकार टोपली वापरतात. तिचा भार ‘नाम्लो’ या कपाळपट्टीवर घेतला जातो. उत्तर अमेरिकेतील आदिवासींमध्येही कपाळपट्टी प्रचलित होती व तीवरूनच पुढे फर व्यापारातील होड्यांवरचे वाहक एका जलाशयापासून दुसऱ्यापर्यंत माल नेत असत. मिनेसोटा राज्यातील डलूथ येथील कमील प्वारिये याने १८८२ मध्ये कपाळपट्टी व खांदापट्टे या दोहोंनी युक्त अशा कॅनव्हासच्या पिशवीचे एकस्व मिळविले.

चौकटीचा विकास : केवळ खांदापट्टे असलेल्या पिशवीत दोन दोष असतात. ओझे पाठीमागे असल्याने शरीराचा गुरुत्वमध्य मागे सरकतो व तोल राखण्यासाठी माणसास पुढे वाकावे लागते. शिवाय सर्व भार खांद्यांवर पडून पट्टे बगलेजवळ रुततात. तेथील मज्जातंतूंवर दीर्घकाळ दाब पडल्यास हाताला बधिरता व दुर्बलता येते. या विकारास वैद्यकात रुकसॅकचेच नाव मिळालेले आहे. सैनिकांना हे दोष विशेष जाणवत. अमेरिकी सेनाधिकारी हेन्री मेरियम (१८३७–१९१२) याने १८७८ मध्ये भाराचा काही अंश कमरेकडे वळविणाऱ्या पिशवीचे एकस्व घेतले. नॉर्वेतील ओले एफ. बर्गन याला १९०८ मध्ये शिकारीच्या वेळी ओझ्याचा त्रास झाला, तेव्हा त्याने एक फांदी पाठीच्या आकाराप्रमाणे वाकवून पिशवीला जोडली, असे सांगतात. या कल्पनेवर आधारलेली, पाठीच्या वळणानुसार आकार दिलेली चौकट त्याने लवकरच एकस्वाने सुरक्षित केली. ब्रिटिश सैन्यात मोठ्या पाठपिशवीला आजही ‘बर्गन’ म्हणतात. अमेरिकेत लॉइड नेल्सन याने अलास्कातील स्थानिकांच्या पाठचौकटीवरून लाकडी चौकट तयार केली व १९२४ मध्ये तिला एकस्व मिळाले. या चौकटीपासून पिशवी वेगळी काढता येत असे.

निर्णायक बदल दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. कॅलिफोर्नियातील डिक केल्टी (१९१९–२००४) याने ॲल्युमिनियमच्या हलक्या नळ्यांची चौकट व नायलॉनची पिशवी यांचा मेळ घातला आणि १९५२ मध्ये घरातूनच त्यांची विक्री सुरू केली. चौकटी तो स्वतः जोडी व पिशव्या त्याची पत्नी नीना शिवत असे. चौकटीची खालची टोके विजारीच्या मागील खिशांत खोचली असता खांद्यांवरील भार कमी होतो, असे एका सहलीत ध्यानी आल्यावरून त्याने कमरपट्ट्याची योजना केली, असे सांगितले जाते. कमरपट्ट्यामुळे भार श्रोणीच्या हाडावरून थेट पायांवर उतरतो व कणा आणि खांदे यांना विसावा मिळतो. पाठीबाहेरील चौकट हवेशीर असली, तरी कड्यावर चढताना किंवा बर्फावरून घसरत जाताना ती हेलकावे खाते. म्हणून ग्रेग लो या अमेरिकी गिर्यारोहकाने १९६७ मध्ये चौकट पिशवीच्या आतच बसविली. आज प्रचारात असलेल्या बहुसंख्य मोठ्या पाठपिशव्या याच प्रकारच्या आहेत. रे जार्डिन याच्या १९९२ मधील पुस्तकाने मात्र वेगळी दिशा दाखविली. पिशवी सुधारण्यापूर्वी ओझेच कमी करावे, हे त्याचे सूत्र होते. त्यातून अतिशय हलक्या पिशव्यांची परंपरा रूढ झाली.

निवड व बसवणी : पाठपिशवीचे आकारमान लिटरमध्ये सांगतात. एका दिवसाच्या भटकंतीस साधारणतः २० ते ३० लि., दोन-तीन दिवसांच्या मुक्कामास ३५ ते ५० लि. व तंबूसह दीर्घ मोहिमेस ६० लि. वा अधिक आकारमान सोयीचे पडते. परंतु आकारमानापेक्षा धडाची लांबी अधिक महत्त्वाची आहे. मान पुढे झुकविली असता तिच्या तळाशी जो ठळक मणका हाताला लागतो, तेथपासून श्रोणीच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंत हे माप घेतात. दोन्ही हात कमरेवर ठेवले असता पाठीमागे अंगठे ज्या रेषेत येतात, ती रेषा ही पातळी होय. सारख्याच उंचीच्या दोन व्यक्तींच्या धडाची लांबी भिन्न असू शकते. त्यामुळे उंचीवरून केलेली निवड अनेकदा फसते. स्त्रियांचे खांदे सामान्यतः अरुंद व श्रोणी वेगळ्या वळणाची असल्याने त्यांच्यासाठी निराळ्या बांधणीच्या पिशव्या मिळतात.

पिशवी रिकामी असताना अंगावर घालून पाहणे निरुपयोगी ठरते. तिच्यात नेहमीइतके वजन भरूनच ती पारखावी. प्रथम सर्व पट्टे सैल करून कमरपट्टा श्रोणीच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसवून आवळतात. त्यानंतर खांदापट्टे पाठीला नेटके बसतील इतपत ओढतात. खांद्यांच्या वरच्या बाजूचे ताणपट्टे पिशवी पाठीजवळ खेचतात, तर छातीवरील आडवा पट्टा खांदापट्टे घसरू देत नाही. बहुतांश भार कमरेवर आला, की बसवणी योग्य झाली असे समजावे. पिशवी भरताना जड वस्तू पाठीलगत व मध्यभागी आणि निजण्याचे साहित्य तळाशी ठेवतात. सह्याद्रीतील किल्ल्यांच्या खोदीव पायऱ्यांवर व उघड्या कातळटप्प्यांवर एका बाजूस कललेली किंवा झोके घेणारी पिशवी तोल घालवू शकते. पावसाळ्यात बाहेरील आवरणावर विसंबून न राहता आतील सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणे हितावह असते.

ओझ्याची मर्यादा : पाठपिशवीतील या सुधारणांचा लाभ ओझे वाहणाऱ्या सर्वांना सारखा झालेला नाही. १९६३ मधील अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेत केल्टीच्या पाठपिशव्या वापरल्या गेल्या. मात्र मोहिमेचे सामान पायथ्याच्या तळाकडे नेणाऱ्या सु. ९०० हमालांचा आधार नाम्लो हाच होता. नेपाळी हमालांवरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नामचेच्या वाटेवरील पुरुष स्वतःच्या वजनाच्या सरासरी ९३ टक्के व स्त्रिया ६६ टक्के ओझे वाहताना आढळल्या. तुलनेने जड ओझी वाहतानाही पाठपिशवी वापरणाऱ्या युरोपीयांपेक्षा त्यांची ऊर्जा कमी खर्च होत होती. ते संथ चालतात व डोकोखाली काठी टेकवून वारंवार विसावा घेतात. या कौशल्यावरून असे ओझे त्यांना सोसते, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. एका नेपाळी हमालाच्या टाळता येण्याजोग्या मृत्यूनंतर १९९७ मध्ये हमालांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पेरू देशाने २००१ मधील कायद्याने तेथील पर्वतमार्गांवरील हमालाच्या ओझ्यास २० किग्रॅ.ची मर्यादा घातली.

हाच प्रश्न शाळकरी मुलांच्या दप्तराबाबत उद्भवतो. स्वीडनमध्ये विद्यार्थ्यांच्या पाठदुखीच्या तक्रारींमुळे १९७८ मध्ये दोन्ही खांद्यांवर अडकविण्याची लहान चौकोनी पिशवी मुद्दाम तयार करण्यात आली. भारतात कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याकडे लक्ष वेधले. पुढे यशपाल समितीने १९९३ मध्ये आपला अहवाल सादर केला. शरीराला जाणवणाऱ्या ओझ्यापेक्षा न समजणाऱ्या अभ्यासाचे ओझे अधिक घातक आहे, असा त्याचा रोख होता. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असे ठरविले. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही हेच प्रमाण स्वीकारण्यात आले.

ओझे किती आहे यापेक्षा ते कोणाच्या पाठीवर आहे यावरून माप ठरावे, हे तत्त्व गिर्यारोहकाच्या पिशवीत पूर्णपणे उतरले आहे. धडाची लांबी मोजून पट्टा निवडणारा प्रवासी त्याचाच अवलंब करीत असतो. त्याचे जादा सामान वाहणाऱ्या हमालाला व शाळेच्या वाटेवरील मुलाला मात्र आपले ओझे स्वतः निवडता येत नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत चांगली पिशवी पुरेशी नसते. ओझ्याची मर्यादा इतरांनी ठरवून ती पाळावी लागते.