गणवेश कोणाचा? अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील वस्त्रप्रयोग आणि प्रेक्षकांची प्रतिक्रिया

1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने बास्केटबॉलचा खेळ सिद्ध केला. त्याने तेरा नियम घालून दिले. त्यांत पोशाखाविषयी एकही नव्हता. पुढे हा खेळ अमेरिकेतील विद्यापीठांत रुजला आणि ज्याविषयी मूळ प्रवर्तकाने मौन पाळले होते त्याच विषयावर प्रेक्षकांत कडाक्याचे वाद झडू लागले. हे वाद वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. तथापि त्यांचा क्रम लावून पाहिला असता त्यांच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आढळतो. विद्यापीठाच्या नावाने अंगावर घातलेल्या वस्त्रावर स्वामित्व कोणाचे, हा तो प्रश्न होय.

या खेळात गणवेश विशेष नजरेत भरतो याला कारणे आहेत. खेळ बंदिस्त क्रीडागृहात चालतो, मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात, त्यांच्या अंगावर शिरस्त्राण वा कवच नसते आणि प्रेक्षक मैदानाच्या कडेपर्यंत बसलेले असतात. गणवेशाचे पहिले प्रयोजन मात्र व्यावहारिक आहे. यजमान संघाने फिकट आणि पाहुण्या संघाने गडद रंग वापरण्याचा प्रघात दोन पक्ष ओळखू यावेत एवढ्यासाठीच पडला. पाठीवरील क्रमांकांत शून्य ते पाच एवढेच अंक असावेत, हा पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळातील निर्बंधही पंचाला हाताच्या बोटांनी क्रमांक दाखविता यावा म्हणून होता. 2023-24 च्या हंगामापासून तो शिथिल झाला. या व्यावहारिक थरावर कालांतराने दुसरा, सांकेतिक थर चढला. अमुक रंग, अमुक अक्षरवळण म्हणजे अमुक विद्यापीठ, असा संकेत रूढ झाला. शब्द आणि अर्थ यांचा संबंध जसा समाजाच्या संमतीने टिकतो, तसाच हाही टिकतो. इंडियाना विद्यापीठाच्या जर्सीवर दीर्घकाळ खेळाडूचे आडनाव नसे. तेथील चाहत्यांना हा अभावच अर्थपूर्ण वाटे.

संकेत मोडला की प्रतिक्रिया उमटते. पण ती सर्वत्र सारखी नसते. इंडियाना राज्यातीलच एव्हन्सव्हिल येथे आराड मॅककचन या प्रशिक्षकाचे खेळाडू बाह्यांची जर्सी घालून खेळत. बिनबाह्यांच्या जर्सीची सर्वत्र रूढी असताना हा प्रकार विक्षिप्तच होता. परंतु 1959 ते 1971 या काळात याच संघाने लहान महाविद्यालयांच्या विभागाची पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली आणि त्या बाह्या गावाच्या अभिमानाचा विषय झाल्या. याउलट नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने 1989 मध्ये जर्सी आणि चड्डी एकत्र शिवलेला, अंगाला घट्ट चिकटणारा एकसंध पोशाख वापरून पाहिला, तो टवाळीचा विषय होऊन थोड्याच काळात मागे पडला.

1991-92 चा हंगाम या दृष्टीने फार उद्बोधक आहे. त्या हंगामात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गणवेशाच्या दोन्ही कडांना शंकरपाळ्याच्या आकाराची आर्गाइल नक्षी आली. प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सांगण्यावरून ती अलेक्झांडर ज्युलियन यांनी योजिली होती. ज्युलियन हे चॅपेल हिल गावचेच. त्यांच्या घराण्याचे कपड्यांचे दुकान तेथे विद्यापीठाच्या परिसराला लागून होते. नक्षी सर्वस्वी नवी, पण ती आणणारा घरचा माणूस. ती स्वीकारली गेली, आणि पुढे त्या विद्यापीठाची ओळखच होऊन बसली.

त्याच हंगामात मिशिगन विद्यापीठात प्रथम वर्षाचे पाच खेळाडू दाखल झाले. क्रिस वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग आणि रे जॅक्सन हे ते पाच. 9 फेब्रुवारी 1992 रोजी ते पाचही जण प्रथमच एकत्र सामन्याच्या आरंभापासून खेळले. गुडघ्यापर्यंत येणाऱ्या ढगळ चड्ड्या, काळे मोजे आणि काळे बूट हा त्यांचा वेष होता. चड्डीची लांबी वाढविण्याचा उपक्रम व्यावसायिक खेळात मायकेल जॉर्डनने आधीच केला होता. तरीही मिशिगनच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना हा वेष असह्य झाला. प्रशिक्षक स्टीव्ह फिशर यांच्याकडे संतापाची पत्रे आली आणि त्यांत वर्णद्वेषी शिवीगाळ होती, हे 2011 साली प्रसारित झालेल्या माहितीपटातून सर्वांसमोर आले. पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. आक्षेपाचे निमित्त कापडाचे होते. रोख मात्र ते कापड घालणाऱ्यांवर होता. देशभरातील तरुण मुलांनी हाच वेष तत्काळ उचलला.

5 एप्रिल 1993 रोजी राष्ट्रीय अंतिम सामन्यात हे दोन गणवेश समोरासमोर आले. नॉर्थ कॅरोलायनाने 77-71 असा विजय मिळविला. वस्त्रांच्या इतिहासात मात्र निकाल निराळा लागला. आर्गाइल नक्षी एका विद्यापीठापुरती राहिली. ढगळ चड्डी काही वर्षांतच सर्व संघांची झाली. भाषेतही हेच घडते. आज अपभ्रंश म्हणून झिडकारलेले रूप उद्या शिष्टसंमत ठरते, आणि त्याला कोणी विरोध केला होता याचे स्मरणही उरत नाही.

प्रेक्षकांचे मत केवळ जयापजयावर अवलंबून असते, असा एक सोपा निष्कर्ष येथे संभवतो. केंटकीचे उदाहरण त्याला पुष्टी देते. 1995-96 मध्ये त्या संघाच्या अंगावर जीनच्या कापडाचा आभास देणारा गणवेश होता. तो अनेकांना रुचला नव्हता. पण संघ 34 सामने जिंकून, अवघे दोन हरून विजेता ठरला, आणि आज तोच गणवेश चाहत्यांच्या जिव्हाळ्याची आठवण आहे. परंतु मिशिगनच्या त्या पाच जणांनी सलग दोन वर्षे अंतिम सामना गाठूनही त्यांच्यावरील रोष शमला नाही. तेव्हा यश हे एकमेव कारण मानता येत नाही.

2013 चा प्रसंग दुसरे कारण सुचवितो. त्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेर आदिदास कंपनीने बेलर, सिनसिनाटी, कॅन्सस, लुइव्हिल, नोत्र दाम आणि यूसीएलए या सहा विद्यापीठांसाठी एकाच साच्यातील, भडक रंगांचे आणि चट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्यांचे गणवेश जाहीर केले. त्यांतील काहींना आखूड बाह्याही होत्या. त्यांचे सर्वत्र हसे झाले. एव्हन्सव्हिलच्याही जर्सीला बाह्याच होत्या. मग तेथे अभिमान आणि येथे उपहास का? एव्हन्सव्हिलच्या बाह्यांमुळे तो संघ इतरांहून वेगळा ओळखू येई; 2013 च्या साच्याने सहा निरनिराळी विद्यापीठे एकसारखी केली. संकेताचे कार्यच भेद दाखविणे हे असल्याने, भेद पुसणारे नावीन्य प्रेक्षकांना परके वाटले.

तात्पर्य, प्रेक्षक वस्त्राच्या सौंदर्याविषयी बोलत आहेत असे दिसत असले, तरी त्यांचे बोलणे पुष्कळदा स्वामित्वाविषयी असते. माजी विद्यार्थी परंपरेच्या नावाने तो हक्क सांगतात, कंपनी कराराच्या बळावर सांगते. तो गणवेश घालून घाम गाळणाऱ्या खेळाडूचा हक्क मात्र दीर्घकाळ कोणाच्याच हिशेबात नव्हता. मिशिगनच्या त्या पाच जणांमुळे विद्यापीठाच्या वस्त्रांची विक्री वाढली. त्या विक्रीतील वाटा घेण्याची त्यांना नियमाने मुभा नव्हती. आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची परवानगी महाविद्यालयीन खेळाडूंना 1 जुलै 2021 पासून मिळाली. गणवेश कोणाचा, या प्रश्नाच्या उत्तरात खेळाडूचे नाव येण्यास नेस्मिथच्या तेरा नियमांनंतर सुमारे एकशे तीस वर्षे लागली.